भैरवीलाच का अडखळते? घरी बर्न केलेल्या सीडीचं जुनं दुखणं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या सीडीचं दुखणं हेच की दुसरं काही, ते कळेल.

- बैठकीची, भजनाची किंवा क्लासच्या गुरुपौर्णिमेची सीडी पहिले चार-पाच ट्रॅक झकास वाजते. शेवटच्या एक-दोन ट्रॅकांत आधी बारीक टिकटिक, मग खरखर, मग एकच अक्षर घोळवत बसते.
- डेक सीडी घेतो, थोडा वेळ गरगरवतो आणि ‘नो डिस्क’ दाखवतो.
- संगणकावर चालते, गाडीत चालत नाही. किंवा उलट.
- डेटा सीडी असेल तर कॉपी ८५-९० टक्क्यांपर्यंत भराभर जाते आणि तिथं अडून बसते.
- वाजते सगळी, पण तंबोरा सलग चालू असताना ट्रॅक बदलला की ‘टक्’ होतं, नाहीतर दोन सेकंद सगळं चिडीचूप.
- वाजते सगळी, पण पट्टी उतरलेली.

शेवटच्या दोन तक्रारींचा सीडीच्या तब्येतीशी संबंध नाही, त्या बर्न करतानाच्या चुका आहेत. त्यांचं पुढे बघू. माझ्याकडे सगळ्यात जास्त येते ती पहिली तक्रार. मी मिरजेत राहतो आणि वीस वर्षांहून जास्त काळ घरगुती बैठका रेकॉर्ड करतोय, तेव्हा या सीड्यांतल्या बऱ्याच मीच बर्न केलेल्या आहेत. म्हणजे गुन्हेगार आणि वैद्य एकच.

भैरवीच का अडखळते, याला कारण आहे. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. बैठक भैरवीनं संपते, म्हणून भैरवी जाऊन बसते सीडीच्या अगदी काठावर. पहिला ख्याल माजघरात, भैरवी ओसरीवर. काठाला आपली बोटं लागतात. लेसर ज्यात आवाज लिहितो तो रंगाचा थर काठाशीच असमान असण्याची शक्यता जास्त. सीडी जराशी वाकली असली तर काठ सगळ्यात जास्त डुलतो. आणि राइटरचा, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हचा, वेगही काठाशी पोचल्यावरच कमाल होतो. ५२ पट (म्हणजे वाजवण्याच्या वेगाच्या ५२ पट) असं छापलेला राइटर आतल्या कड्यावर साधारण २२ पटीनं सुरुवात करतो आणि ५२ पट गाठतो तो शेवटच्या मिनिटांत. नेमकी तिथं आपली भैरवी.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एक काकू अशीच सीडी घेऊन आल्या. २००४ सालची, त्यांच्या यजमानांची घरची बैठक. मूळ रेकॉर्डिंग मिनिडिस्कवर, म्हणजे पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करता येणाऱ्या छोट्या तबकडीवर, होतं आणि ती मिनिडिस्क पुसून पुढच्या महिन्यात दुसऱ्या कार्यक्रमाला वापरली होती, तेव्हा सगळेच तसं करायचे. सीडीत सहा ट्रॅक, एकूण ७८ मिनिटं. सहावा ट्रॅक भैरवी. चार मिनिटांपर्यंत ठीक, मग टक्-टक्-टक्, आणि ‘बाजू’ या शब्दातला ‘बा’ डेक सोडेना. काकू म्हणाल्या, “रोज लावून बघते, एखाद्या दिवशी लागेल म्हणून.”

काहीही करण्याआधी: वाजवणं थांबवा

एकच प्रत असेल आणि ती अडखळायला लागली असेल, तर ती पुन्हा पुन्हा लावून बघू नका. वाजवल्यानं सीडी झिजत नाही हे खरं, लेसरचा फक्त उजेड पडतो. पण प्रत्येक वेळी काढताना-घालताना बोटं लागतात, डेकच्या ट्रेवर ती घासते, आणि वरचा थर सुटायला लागला असेल तर वेगात फिरवण्यानं तो आणखी सुटतो. जे वाचतंय ते आधी संगणकावर उतरवून घ्या. पाच ट्रॅक चांगले असतील तर पाच ट्रॅक आज रात्री उतरवा, सहाव्याचं उद्या बघू.

पहिली तपासणी: दुसरीकडे वाजवा आणि वेळ लिहून ठेवा

फुकटची तपासणी, आणि निम्मा निकाल इथंच लागतो. कागद-पेन घ्या. सीडी कुठल्या ट्रॅकला, कुठल्या मिनिट-सेकंदाला अडखळली ते लिहा. मग दुसऱ्या प्लेअरवर, आणि जमल्यास संगणकावर लावा. प्रत्येक ठिकाणी त्याच सेकंदाला अडखळत असेल तर दोष सीडीत. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडखळत असेल तर प्लेअरवर संशय घ्या. त्याच प्लेअरमध्ये दुकानातून घेतलेली, कारखान्यात छापलेली एखादी सीडी लावा. तीही अडखळली तर भिंगावर धूळ आहे किंवा लेसर थकलाय. उगाच तुमच्या सीडीला घासत बसू नका.

मूळ फाइल अजून संगणकात असेल तर त्याच सेकंदाला तीही ऐका, हेडफोन लावून. एका गृहस्थांनी माझ्याकडे तीन वेळा सीडी बदलून नेली, खरखर जात नाही म्हणून. शेवटी फाइल ऐकली. खरखर मुळातच होती: तबलजींचा मोबाइल माइकच्या तारेशेजारी ठेवलेला, फोन यायच्या आधीची ती टिट्-टिडिट् टिट्-टिडिट् रेकॉर्ड झालेली. त्याला सीडी काय करणार?

दुसरी तपासणी: पुसा, पण नीट

सीडी बोटांच्या पेरांत काठावर धरा. जुनं, पुष्कळदा धुतलेलं सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून काठाकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. नव्वद टक्के लोक गोलच पुसतात, तबकडी गोल आहे म्हणून हातही गोल फिरतो. आवाज गोल मार्गानं लिहिलेला असतो, दोन मार्गांतलं अंतर १.६ मायक्रॉन. काठाकडे जाणारा ओरखडा प्रत्येक मार्गाला एकदाच छेदतो. वाचताना तेवढा तुकडा हरवतो आणि सीडीतली चूक-दुरुस्ती तो भरून काढते. मार्गाच्याच दिशेनं गेलेला ओरखडा मात्र एका पाठोपाठ एक बाइट खात जातो. सलग अडीच मिलिमीटरच्या आसपासचं नुकसान सीडी पूर्ण दुरुस्त करू शकते. त्यापुढे प्लेअर अंदाजानं आवाज भरतो, आणि अंदाजही संपला की टक्.

डाग चिकट असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तेलकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल अजिबात नको, सीडीचं प्लास्टिक पॉलिकार्बोनेटचं असतं आणि ते धुरकट होतं. टूथपेस्टचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. खालच्या बाजूच्या उथळ ओरखड्यावर कधी कधी चालतो, कारण ती पॉलिशसारखं काम करते. पण दुसरी प्रत नसलेल्या सीडीवर टूथपेस्ट लावणाऱ्याला मी चहा देत नाही.

तिसरी तपासणी: वरची बाजू बघा

हा लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. आपण चकचकीत बाजू जपतो, आणि जिच्यावर लिहायचं ती बाजू खुशाल टेबलावर घासतो. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि ती जाडी जवळजवळ सगळी खालच्या प्लास्टिकची. त्याच्यावर रंगाचा पातळ थर, त्यावर चांदीसारखा परावर्तक थर, आणि त्यावर लाखेचा नुसता एक हात. म्हणजे तुमचं गाणं लेबलच्या लगेच खाली आहे. खालच्या ओरखड्यावर इलाज होतो. वरच्या ओरखड्यानं चांदीच निघते, आणि तिथं परावर्तन करायला काही उरतच नाही.

सीडी ट्यूबलाइटसमोर धरा आणि आरपार बघा. सुईच्या टोकासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथं थर गेलाय. काठाकडे बुरशीच्या नक्षीसारखं काही दिसलं, किंवा थर पापुद्र्यासारखा उचललेला दिसला, तर थेट ‘इथं थांबा’ या भागावर जा.

बॉलपेननं लिहिलेलं असेल तर तिरक्या उजेडात अक्षरांचे वळ दिसतात. कागदी स्टिकरही तितकंच वाईट. पावसाळ्यात कागद दमट होतो, आकसतो, सीडीला वाकवतो, आणि स्टिकर जरा एका बाजूला बसलं असेल तर वेगात फिरताना सीडी थरथरते. मात्र लावलेलं स्टिकर काढायला जाऊ नका, त्याच्याबरोबर चांदी सोलून येते. मी आता फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या मार्करनं तारीख आणि नंबर लिहितो. बाकी सगळं वहीत.

चौथी तपासणी: ही सीडी आहे तरी कुठल्या जातीची

‘नो डिस्क’ची निम्मी प्रकरणं इथं सुटतात, आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

सीडी बंद केलेली नसेल, म्हणजे बर्न करताना ‘फायनलाइज’ केलं नसेल, तर ज्या राइटरनं लिहिली तो ती ओळखतो, साधा डेक ओळखत नाही. डेक आधी सर्वांत आतल्या कड्यावरची अनुक्रमणिका शोधतो, ती लिहिलेलीच नसते. राइटर असलेल्या संगणकात घाला, फायनलाइज करा, काम झालं.

पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू सीडी असेल तर तिचं परावर्तन साध्या सीडीच्या जेमतेम पाव ते एक-तृतीयांश असतं, जुन्या डेकला ती दिसतच नाही. तिच्यावरचं साध्या सीडीवर उतरवा. मास्टर, म्हणजे जपायची मूळ प्रत, म्हणून आरडब्ल्यू कधीच वापरू नका.

आत एमपीथ्री फाइली असतील तर ती डेटा सीडी झाली, जुना डेक ती वाजवणार नाही.

आणखी एक, अमेरिकेतल्या भाच्यानं आणून दिलेला, संगणकाशिवाय थेट रेकॉर्ड करणारा सीडी रेकॉर्डर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी: घरगुती ग्राहकांसाठीच्या त्या यंत्रांना साधी कोरी सीडी चालत नाही, ‘म्युझिक’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ’ छापलेलीच लागते. तिच्यावर तशी खूण आधीच कोरलेली असते. यंत्र बिघडलेलं नाही, हटवादी आहे.

पाचवी तपासणी: पट्टी उतरली किंवा मध्येच टक् झालं

ऑडिओ सीडीचा नमुना दर, म्हणजे आवाजाची सेकंदाला किती मापं घ्यायची ते, ठरलेला: सेकंदाला ४४,१००, १६ बिट. आपले हल्लीचे रेकॉर्डर बहुधा ४८,००० वर लावलेले असतात. बर्न करणारं सॉफ्टवेअर सहसा स्वतः रूपांतर करतं. पण संपादन करताना प्रोजेक्टचा दर चुकीचा सांगितला, तर तेच नमुने सावकाश वाजतात. दहा मिनिटांची चीज १० मिनिटं ५३ सेकंद चालते आणि जवळजवळ दीड अर्धस्वरानं खाली येते. काळी दोनची पट्टी असेल तर ती काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठंतरी लोंबकळते. पेटी घेऊन बसा, तो स्वर पेटीत सापडतच नाही. दीड अर्धस्वराचा हा फरक कानाला पटला की सीडीकडे बघूही नका, प्रोजेक्ट दुरुस्त करून नवी बर्न करा.

ट्रॅकमधल्या दोन सेकंदांच्या शांततेचं कारण ‘ट्रॅक अॅट वन्स’. त्यात राइटर प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर बंद करून पुन्हा सुरू करतो. बैठकीसाठी ‘डिस्क अॅट वन्स’च निवडा, आणि ट्रॅकमधलं अंतर शून्य करा. कारखान्यात छापायला मास्टर द्यायची असेल तर ते डिस्क अॅट वन्सच मागतात.

एवढं करूनही बारीक टक् उरलीच, तर कारण गमतीचं आहे आणि मला ते सापडायला दोन वर्षं लागली. सीडीवर सेकंदाचे ७५ तुकडे असतात, एका तुकड्यात ५८८ नमुने. विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथं तुम्ही फाइल भलत्याच ठिकाणी कापलीत, तर शेवटचा तुकडा अर्धवट राहतो आणि सॉफ्टवेअर उरलेली जागा शून्यानं भरतं. तंबोरा घुमत असताना सेकंदाच्या शंभराव्या भागाचं मौनही कानाला टोचतं. फाइल कापू नका. एकच सलग फाइल ठेवून तिच्यात ट्रॅकच्या खुणा टाका, किंवा संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीडी फ्रेमला, म्हणजे या तुकड्यांच्या कडेला, चिकटून कापायची सोय असते ती चालू करा.

सहावी तपासणी: ड्राइव्ह बदला, वेग उतरवा, हट्टानं वाचा

आता खर्च सुरू. पैशांचा कमी, वेळेचा जास्त.

सीडी स्वच्छ आहे, वरचा थर शाबूत दिसतो, तरी भैरवी निघत नाही. तर दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह गोळा करा. शेजाऱ्याच्या माळ्यावरचा जुना संगणक, पुतण्याचा लॅपटॉप, चालेल. एक ड्राइव्ह ज्या सीडीला हात जोडतो तीच दुसरा निमूट वाचतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आश्चर्य वाटत नाही. ज्यानं ती लिहिली तो राइटर अजून घरात असेल तर आधी त्यात घाला. यूएसबीवरचा पातळ ड्राइव्ह असेल तर हबमध्ये नको, संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. वीज कमी पडली की तोही अडखळतो आणि आळ सीडीवर येतो.

उतरवण्यासाठी साधा कॉपी-पेस्ट किंवा मीडिया प्लेअर वापरू नका. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याचा ‘सिक्युअर’ प्रकार प्रत्येक तुकडा दोनदा वाचून ताडून बघतो आणि जमेना तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. शेवटी कुठल्या सेकंदाला शंका आहे ते सांगतो. ‘टेस्ट अँड कॉपी’ केलंत तर दोन्ही वेळचे बेरीज-अंक (फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळले का तेही कळतं. वेग ड्राइव्ह देईल तितका कमी करा. एका ट्रॅकला तास लागेल, लागू दे. ड्राइव्ह तापला की अर्धा तास विश्रांती द्या.

हे का महत्त्वाचं? ऑडिओ सीडी गुपचूप खोटं बोलते. तिच्या प्रत्येक तुकड्यातले सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाचे असतात. दुरुस्तीचा एकच कोट आणि तो फुटला की अंदाज. कानाला ठीक वाटलेली कॉपी बरोबर असेलच असं नाही. डेटा सीडीत त्याच तुकड्यातले २०४८ बाइट तुमचे आणि उरलेल्यात दुरुस्तीचा आणखी एक कोट असतो. ती एकतर अचूक वाचते नाहीतर सरळ ‘वाचता येत नाही’ म्हणते. म्हणून वाजवायला ऑडिओ सीडी आणि जपून ठेवायला डेटा सीडी. हे मला २००४ साली कुणी सांगितलं असतं तर काकूंची भैरवी ओसरीवर गेलीच नसती.

डेटा सीडी अडली असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज निघणारं सगळं काढतं आणि मग खराब जागांकडे वळतं. त्याची नोंद-फाइल ठेवलीत तर काम एका ड्राइव्हवर अर्धवट सोडून दुसऱ्यावर पुढे चालू करता येतं. दोन्ही ड्राइव्हना वेगवेगळ्या जागा वाचता आल्या तर बेरीज पूर्ण होते.

सातवी गोष्ट: मूळ फाइल असेल तर हे सगळं सोडा, नवी बर्न करा

फक्त या वेळी नीट.

७४ मिनिटांच्या आत थांबा. सीडी ८० मिनिटांची असली तरी काठचा पट्टा मोकळा सोडा. बैठक ७८ मिनिटांची असेल तर दोन सीड्या करा, मध्यंतराच्या जागी तोडा. कोरी सीडी काही फार महाग नाही. वेग १६ पट, फार तर २४. कमीत कमी वेग म्हणजे उत्तम, हा समज जुन्या सीड्यांच्या काळातला. नंतरच्या सीड्यांचा रंग जलद लिहिण्यासाठीच बनवलेला, त्या ४ पटीवर उलट वाईट निघतात. माझ्या राइटरवर मी एकाच डब्यातल्या तीन सीड्या ८, १६ आणि ५२ पटीनं लिहून तपासल्या होत्या. १६ची सगळ्यात स्वच्छ, ५२चीत शेवटची आठ मिनिटं चुकांनी भरलेली. तुमच्या राइटरची आवड वेगळी असू शकते, एकदा तीन सीड्या खर्च करून बघा.

चुका मोजायची सोय काही ड्राइव्हमध्येच असते. असली तर लक्षात ठेवायचं एवढंच: सी-वन, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या पायरीला सापडणाऱ्या, चुका सगळ्यांत असतात, प्रमाणित मर्यादा सेकंदाला २२०, चांगल्या सीडीत त्याहून फारच कमी. सी-टू, म्हणजे पुढच्या पायरीलाही न सुटलेल्या, शून्यच हव्यात. एकही सी-टू दिसली तर ती सीडी गाडीत ऐकायला ठेवा, मास्टर म्हणून नको.

डब्यातल्या कोऱ्या सीड्यांबद्दल: सीड्या बनवणारी आपल्याकडची मोझर बेअर कंपनी बंद पडली, जपानच्या तैयो युदेननं २०१५ च्या अखेरीस सीड्या करणं थांबवलं, तेव्हा हल्ली दुकानात मिळतो तो बऱ्याचदा जुना साठा. कोऱ्या सीडीचाही रंग वयानं उतरतो. माळ्यावर दहा उन्हाळे काढलेला डबा मास्टरसाठी वापरू नका.

इथं थांबा

पुढच्या कुठल्याही वेळी हात मागे घ्या:

मधल्या भोकापासून तडा गेलाय. ५२ पटीचा ड्राइव्ह सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्यांनी फिरवतो, तडकलेली सीडी आत फुटते. ड्राइव्ह जातो आणि सीडीचे तुकडे होतात. ती एकदाही लावू नका, चिकटपट्टी लावूनही नाही.

वरचा थर उचललाय किंवा पापुद्रे सुटलेत. पुसणंसुद्धा थांबवा, पाकिटात सरकवू नका, कडक डबीत आडवी ठेवा.

एकच प्रत आहे, तीन ड्राइव्ह झाले, दोन रात्री झाल्या, आणि शंकास्थळं कमी व्हायच्या ऐवजी वाढतायत.

डेक उघडून लेसरचा स्क्रू पिळायची इच्छा होतेय. तो लेसर डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, ७८० नॅनोमीटरचा. दिसत नाही म्हणजे अपाय करत नाही असं नव्हे.

अशा वेळी डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, पण फोनवर आधी विचारा की ऑप्टिकल डिस्क करता का. बरेच जण फक्त हार्ड डिस्क करतात आणि सीडी घेऊन नुसत्या पॉलिश मशीनवर घासतात. विचारून घ्या: न विचारता पॉलिश करणार का, काहीच निघालं नाही तर पैसे किती, आणि कच्ची प्रतिमा-फाइल (सीडीवरून वाचलेलं सगळं जसंच्या तसं एका फाइलीत) देणार का. तेही जादूगार नाहीत. निघून गेलेली चांदी आणि उडालेला रंग कुणीच परत आणत नाही. ते फक्त उरलेलं जास्त चिकाटीनं वाचतात. वाचून झाल्यावर टक्-टक् काढणं हे वेगळं काम, ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या जाणकाराचं. आधी वाचन, मग सफाई. उलट क्रमानं केलंत तर सफाई केलेली अर्धवट फाइलच मूळ म्हणून उरते.

निघालं ते कुठं ठेवायचं

घरी लिहिलेली सीडी ही एकमेव प्रत असू नये, असा इशारा युनेस्कोनं २००६ सालीच संग्रहालयांना दिला होता. मी दोन हार्ड डिस्क ठेवतो, एक माझ्याकडे, एक साताऱ्याला बहिणीकडे. तिसरी प्रत डेटा डिस्कवर. २४ बिट, ४८,००० वर स्टिरिओ मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट होतात, म्हणजे सीडीवर जेमतेम ४० मिनिटं मावतात, डीव्हीडीवर साडेचार तास. शिवाय डीव्हीडीत रंगाचा थर दोन प्लास्टिकच्या मध्ये दाबलेला असतो, वरचा ओरखडा तिला तितका बाधत नाही. फाइली फ्लॅकमध्ये करा, आवाज तसूभर न गमावता आकार उतरतो आणि फाइल शाबूत आहे का ते तपासायची खूण तिच्यातच असते. एमपीथ्री पाहुण्यांना पाठवायला. वर्षातून एकदा, मी दसऱ्याला, सगळ्या फाइलींची तपासणी लावून देतो आणि आपट्याची पानं वाटायला बाहेर पडतो. परत येईपर्यंत झालेली असते.

काकूंच्या सीडीला तीन ड्राइव्ह आणि चार रात्री लागल्या. दुसऱ्या ड्राइव्हनं पाच ट्रॅक निर्दोष दिले. भैरवी तिसऱ्यानं, तीही ४ मिनिटं १२ सेकंदांपासून दोन सेकंद सोडून. ती जागा मी सारवली नाही, नुसता आवाज तिथं हळूच उतरवून चढवला, तंबोरा थोडा आत जातो आणि परत येतो. काकूंना हेडफोन लावून दिले. त्या जागी आल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, “इथं त्यांना ठसका लागला होता. तेवढाच गेला होय?”